पहिला प्रश्न : किती मीटर?

दसऱ्या-दिवाळीला टीव्ही घेताना टीव्हीचा सौदा पुरा झाला की लगेच दुसरा सौदा सुरू होतो. आकार ठरलेला असतो, हप्ते ठरलेले असतात, जुन्या टीव्हीचे किती सुटले याचा हिशेब झालेला असतो आणि घरची माणसं बिलाच्या काउंटरपाशी येऊन थांबलेली असतात. तेवढ्यात विक्रेता काचेच्या कपाटातून एक चपटा, चकचकीत खोका काढून कागदांवर ठेवतो. आत एचडीएमआय केबल असते : विणलेलं जाळीदार वेष्टन, सोन्याचा मुलामा दिलेली टोकं, किंमत अडीच-तीन हजार. सोबत एक वाक्य येतं. एवढा फोर-के टीव्ही घेताय, साधी वायर लावली तर चित्र तसं उमटणार नाही. साठ-सत्तर हजार मोजून मोकळा झालेला माणूस या वाक्यापुढे सहसा हरतो. अडीच हजारांसाठी त्याला घरात कुणाचा हिरमोड करायचा नसतो, आणि विक्रेत्याला हे पक्कं ठाऊक असतं.

मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळ लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, हीच वस्तू मागा. किंवा पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत मागा. तिथे टीव्ही कुठला, कितीचा, हे सहसा कुणी विचारत नाही. पहिला प्रश्न येतो : किती मीटर? त्यानंतर, टीव्हीला लावायचीय की प्रोजेक्टरला? दीड मीटर आणि टीव्ही म्हटलंत, तर दीडशे-दोनशे रुपयांची केबल काउंटरवर येते आणि माणूस पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतो. दहा मीटर म्हटलंत, तर तो थांबतो, वर बघतो, आणखी दोन प्रश्न विचारतो. अभियांत्रिकीच्या पुस्तकात जे शिकवतात, तेच हा माणूस रोजच्या धंद्यातून शिकलेला आहे.

उत्तर लपवून ठेवण्यात अर्थ नाही. सेट-टॉप बॉक्स, स्टिक किंवा लॅपटॉप टीव्हीच्या शेजारीच असेल, अंतर दोन मीटरच्या आतबाहेर असेल आणि चित्र फोर-के, सेकंदाला ६० चौकटी, इथवरचं असेल, तर मानकाप्रमाणे बनवलेली दोनशेची केबल आणि वीस हजारांची केबल पडद्यावर एकच चित्र देतात. थोडाफार फरक असलेलं, जवळपास सारखं, असं मी म्हणत नाही. प्रत्येक ठिपक्याचा प्रत्येक आकडा तोच असतो. अंतर वाढलं किंवा वेग वाढला की केबलीकेबलीत खरा फरक सुरू होतो. पण तिथेही तो फरक किमतीच्या चिठ्ठीवर वाचता येत नाही.

असं का, ते पाहू. फुल एचडी पडद्यावर १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. फोर-केमध्ये त्याच्या चौपट, ८२ लाख ९४ हजार ४००. प्रत्येक ठिपक्यासाठी लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे जातात. साध्या आठ-बिट चित्रात प्रत्येक आकडा शून्य ते २५५ यांतला. चौकटींमधल्या मोकळ्या जागा धरल्या, तर फोर-केला सेकंदाला ५९ कोटी ४० लाख ठिपक्यांइतका माल पाठवावा लागतो. वाटेत चुका होऊ नयेत म्हणून आठ बिटांचा प्रत्येक आकडा दहा बिटांत बांधून पाठवतात. सगळं गुणून पाहिलं की सेकंदाला सुमारे १,७८२ कोटी शून्य-एक होतात. या वर्गाच्या केबलवर जो ‘१८ गिगाबिट’ आकडा छापलेला दिसतो, तो इथून आला आहे. फुल एचडीला याच हिशेबाने सुमारे ४४५ कोटी लागतात. हा चौथाई आकडा लक्षात असू द्या, पुढे तो कामाला येईल.

हा सगळा माल तारांच्या तीन जोड्यांतून जातो आणि चौथी जोडी ठेका धरते. प्रत्येक जोडीतल्या दोन तारांवर एकमेकींच्या उलट दाब असतो. पलीकडचा टीव्ही फक्त त्या दोघींमधला फरक पाहतो आणि ठरवतो, एक की शून्य. बाहेरून काही गडबड शिरली, तर ती दोन्ही तारांवर सारखीच पडते आणि फरकातून निघून जाते. सिग्नल वाटेत निम्म्याने खंगला, तरी एक आणि शून्य वेगळे ओळखू येत असतील तोवर पलीकडे मूळचाच आकडा उभा राहतो. खरखरणाऱ्या फोनवरून गाणं ऐकवलं तर सूर बिघडतो. त्याच फोनवरून मोबाइल नंबर सांगितला आणि दहाही आकडे कळले, तर लिहून घेतलेला नंबर मूळच्या नंबरइतकाच खरा असतो.

म्हणूनच ‘लाल जास्त लाल दिसतो, काळा अधिक गडद होतो’ हे खोक्यावरचं वचन टिकत नाही. लाल अधिक लाल व्हायचा, तर वाटेतल्या तांब्याला कोट्यवधी आकड्यांमधून फक्त लालचे आकडे निवडून, प्रत्येक ठिपक्यात ठरावीक मापाने वाढवावे लागतील. तांब्याला त्यातला लाल कुठला आणि निळा कुठला याचा पत्ता नसतो. त्यातून सिनेमा किंवा मालिकेचा प्रवाह चोरी टाळण्यासाठी बहुधा कुलूपबंद होऊन जातो. इंटेलने आणलेल्या एचडीसीपी या पद्धतीत बॉक्स आणि टीव्ही आधी एकमेकांची ओळख पटवतात आणि मगच सांकेतिक केलेलं चित्र धाडतात. केबलच्या अंगात कितीही चांदी ओतली, तरी ते चित्र तिला वाचता येणार नाही, मग सुधारता कुठून येणार?

मग केबल बिघडते तेव्हा काय होतं? ते न कळण्यासारखं नसतं. आधी गडद दृश्यात पांढरे-गुलाबी ठिपके चमकायला लागतात. या वेगापर्यंतच्या एचडीएमआयमध्ये चित्राचा चुकलेला बिट पुन्हा मागवण्याची किंवा दुरुस्त करण्याची सोय नाही, म्हणून चूक तशीच पडद्यावर येते. आणखी बिघडलं की पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. त्याही पुढे ‘नो सिग्नल’. निर्दोष चित्र आणि बंद पडदा यांच्यामधली पायरी फार अरुंद असते. चित्र ‘जरासं फिकं’ दिसत असेल तर दोष दुसरीकडे शोधावा.

तरीही चांगली वायर म्हणजे चांगलं चित्र ही समजूत आपल्या मनात इतकी खोल का रुजली? कारण एके काळी ती खरी होती. गच्चीवरच्या अँटेनाची चपटी वायर, नंतर केबलवाल्याने या इमारतीवरून त्या इमारतीवर टाकलेली काळी कोअॅक्स, तिच्यातले पावसात भिजणारे सांधे, जिन्यातला अॅम्प्लिफायर. त्या काळात तारेतला विजेचा दाब हाच चित्राचा उजेड होता. दाब कमी झाला की चित्र मंद व्हायचं, सांधा सैल झाला की मुंग्या यायच्या, सिग्नल कुठून तरी परतून आला की माणसाशेजारी त्याचीच सावली उभी राहायची. लाल-पांढरी-पिवळी टोकं असलेल्या तारेचंही तसंच. तिथे जाड, नीट मढवलेली वायर पैसे वसूल करून द्यायची, आणि ज्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं त्यांना खोटं ठरवण्याचा मला अधिकार नाही. पण ३१ ऑक्टोबर २०१२ ही मुदत गाठून मुंबईत आणि ३१ मार्च २०१३ ची मुदत धरून पुणे, नागपूर, नाशिक अशा शहरांत केबल टीव्ही सेट-टॉप बॉक्सवर गेला. मुंग्या गेल्या आणि त्यांच्या जागी अडकलेल्या चित्रातले चौकोन आले. घराघरांत व्यवस्था बदलली, पण वायरीबद्दलची समजूत तशीच राहिली, आणि ती विकायला कुणीतरी तयारच होतं.

हा विक्रीचा धंदा अमेरिकेत आकाराला आला. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत अभियंता असलेल्या नोएल ली यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मॉन्स्टर केबल ही कंपनी काढली. सुरुवात स्पीकरच्या जाड तारांपासून झाली. स्पीकरची तार अॅनालॉग. लांब पल्ल्यावर जाड तांबं घेण्याला तिथे भौतिकशास्त्राचा आधार आहे. लींनी ओळखलेली दुसरी गोष्ट दुकानदारीची होती. टीव्ही आणि अॅम्प्लिफायरवर दुकानाला फार सुटत नाही; तारेवर भरपूर सुटतं. डिसेंबर २००२ मध्ये हिताची, मात्सुशिता (आजची पॅनासॉनिक), फिलिप्स, सिलिकॉन इमेज, सोनी, थॉमसन आणि तोशिबा या सात कंपन्यांनी एचडीएमआयचं पहिलं मानक जाहीर केलं. पुढच्या काही वर्षांत सपाट टीव्ही घरोघर गेले आणि स्पीकरच्या तारेसाठी घडवलेली विक्रीची भाषा जशीच्या तशी या नव्या, आकड्यांच्या तारेला चिकटली. २००८ च्या सुमारास डेनॉन या नावाजलेल्या कंपनीने दीड मीटरची एक नेटवर्क केबल ४९९ डॉलरला बाजारात आणली. तिच्यावर सिग्नल कुठल्या दिशेने जावा याचे बाणही होते. नेटवर्कच्या तारेत माहिती दोन्ही दिशांनी जाते.

त्याच २००८ मध्ये घडलेलं एक प्रकरण मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं. सिअॅटलजवळ ब्लू जीन्स केबल नावाची लहानशी कंपनी आहे. तिच्या स्वस्त केबलच्या टोकांचा आकार आमच्या टोकांसारखा आहे, तुम्ही आमचे हक्क मोडलेत, अशी नोटीस मॉन्स्टरने तिला धाडली. लहान कंपन्या अशा नोटिशीला घाबरून माल मागे घेतात किंवा तडजोडीचे पैसे भरतात. पण या कंपनीचे प्रमुख कर्ट डेंकी हे केबलच्या धंद्यात येण्याआधी १९ वर्षं कोर्टात दावे लढवणारे वकील होते. त्यांनी सविस्तर जाहीर उत्तर लिहिलं. कुठल्या हक्काचा भंग, नेमका कुठल्या भागात, ते दाखवा; दाखवू शकलात तर बदल करतो, नाहीतर कोर्टात भेटू, असा त्याचा आशय. खटला काही उभा राहिला नाही. डेंकी स्वतः केबलच विकतात, तेव्हा त्यांना केबलचं वावडं असण्याचा प्रश्न नाही. बेल्डन या जुन्या अमेरिकन तार कारखान्याकडून एचडीएमआयसाठी त्यांनी जोडीतल्या दोन्ही तारा एकमेकींना चिकटवलेली खास केबल करून घेतली आणि तिच्यासाठी ते जास्त पैसे घेतात. मात्र ते पैसे कशाचे, हे ते सांगतात : लांब अंतरावर सिग्नल टिकवण्याचे. चित्र सुंदर करण्याचं वचन ते देत नाहीत.

चित्र जिथे जन्माला येतं त्या स्टुडिओंकडेही या संदर्भात पाहायला हवं. वाहिन्यांच्या आणि चित्रपटांच्या कामात एचडीएमआयवर फारसं कुणी विसंबत नाही. तिथे एसडीआय नावाची पद्धत चालते : एकच कोअॅक्स तार आणि टोकाला फिरवून बसणारा बीएनसी जोड. एचडी चित्र त्यातून सेकंदाला १४८.५ कोटी बिटांच्या वेगाने जातं. बेल्डनची १६९४ए ही तार जगभरच्या स्टुडिओंत मैलोन्‌मैल पसरलेली आहे, आणि ती रिळावरून, मीटरच्या भावाने विकत घेतात. तुमच्या टीव्हीवर जो सामना, जी मालिका, जो चित्रपट येतो, त्याची वाट अशाच कारखानी तारांतून गेलेली असते. कोट्यवधी रुपयांचे कॅमेरे बाळगणारे हे लोक काटेकोर असतात. ते तारेची मोजमापं तपासतात, टोकं स्वतः बसवतात आणि चाचणी घेतात. चांदीच्या तारेवर पैसे घालत नाहीत.

आता दुसरी बाजू, कारण ‘सगळ्या केबल सारख्याच’ हेही खरं नाही. ते म्हणणाऱ्यांमुळे लोकांचं नुकसान झालेलं आहे.

वेग वाढतो तशी तांब्याची परीक्षा कशी कठीण होते, ते पाहण्यासारखं आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.१ मध्ये चारही जोड्या माल वाहू लागल्या, प्रत्येकीवर सेकंदाला १,२०० कोटी बिट, एकूण ४८ गिगाबिट. तारेत सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण २० सेंटिमीटर जातो. म्हणजे या वेगाला धावणारा एकेक बिट तारेवर जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर लांबीचा असतो. आता जोडीतल्या दोन तारांपैकी एक काही मिलिमीटरने लांब निघाली, तर तिच्यावरचा सिग्नल जोडीदारणीच्या मागे पडतो आणि टीव्हीला दोघींमधला फरक पाहायचा असतो तेव्हा दोन्ही एकाच क्षणी हजर नसतात. शिवाय इतक्या जलद सिग्नलमध्ये वीज तारेच्या आतून न वाहता फक्त कातडीवरून वाहते, म्हणून पातळ तार लवकर दमते. जोड्या एकमेकींजवळ घट्ट दाबल्या गेल्या असतील, तर एकीचा सिग्नल दुसरीत झिरपतो. टोकाला १९ पिनांवर १९ तारा झाळायच्या असतात. तिथे पीळ थोडा जास्त उलगडला, तर सिग्नल अडखळून मागे फिरतो. हे सगळं सांभाळायला चांगली यंत्रं, बरं तांबं आणि दर खेपेची तपासणी लागते. त्याचे पैसे पडतात आणि ते द्यावेत. टीव्हीच्या आतली चिपही खंगलेला सिग्नल बऱ्यापैकी सावरून घेते, पण तिचीही मर्यादा आहे.

प्लेस्टेशन ५ किंवा एक्सबॉक्स सिरीज एक्स घेऊन फोर-केमध्ये सेकंदाला १२० चौकटींचा खेळ खेळणाऱ्या मुलांना या मर्यादेचा अनुभव येतो. जुनी केबल लावली की १२० चा पर्याय यादीत दिसत नाही, किंवा खेळता खेळता पडदा काळा होतो. या दोन्ही यंत्रांच्या खोक्यात योग्य केबल दिलेलीच असते. ती कपाटात टाकून जुनी वापरली जाते, आणि नवी तीन हजारांची आणली जाते.

लांबी हा खरा कस. एचडीएमआयच्या मानकात कमाल लांबी लिहिलेली नाही. केबलने परीक्षा पास व्हावी एवढंच म्हटलं आहे. साध्या तांब्याच्या केबलला ४८ गिगाबिटची परीक्षा साधारण तीन ते पाच मीटरपर्यंतच झेपते. फोर-के ६० ला त्याहून थोडं अधिक. फुल एचडीला, त्या चौथाई ओझ्याला, जाड तारेची केबल दहा मीटर आणि पुढेही नेते. जाडी गेजमध्ये मोजतात आणि आकडा जितका लहान तितकी तार जाड : २४ गेज ही ३० गेजपेक्षा जाड. दहा मीटरची केबल हातात घेतल्यावर चप्पलेच्या पट्ट्यासारखी मऊ लागली, तर दुकानदाराला गेज विचारायलाच हवा.

मग ओळखायचं कसं? वर्गाच्या नावावरून आणि लेबलावरून. केबलला एचडीएमआयचे आवृत्ती-क्रमांक लागू होत नाहीत. ते यंत्रांसाठी आहेत. खोक्यावर ठळक ‘२.१ केबल’ छापणं नियमाला धरून नाही, तरी बाजार त्या छपाईने भरलेला आहे. केबलचे वर्ग नावाने चालतात : १०.२ गिगाबिटपर्यंत हाय स्पीड, १८ साठी प्रीमियम हाय स्पीड, ४८ साठी अल्ट्रा हाय स्पीड. शेवटच्या वर्गाला मान्यताप्राप्त चाचणी सक्तीची आहे आणि प्रत्येक खोक्यावर क्यूआर कोडचं लेबल असावं लागतं. एचडीएमआयच्या अधिकृत अॅपवर तो कोड फोनने तपासता येतो. लेबल खरं निघालं, तर सातशेची केबल सात हजारांच्या केबलइतकंच काम करते, कारण दोघी एकाच परीक्षेला बसलेल्या आहेत. लेबल नसेल, तर सात हजारही काही सिद्ध करत नाहीत. ‘एट-के’, ‘थ्रीडी’, ‘प्रो’ ही नावं कुणालाही छापता येतात.

बाकीच्या खुणांचं थोडक्यात उरकतो. सोनं तांब्यापेक्षा वीज कमीच वाहून नेतं, पण ते गंजत नाही. कोकणातल्या दमट हवेत टोकांवर त्याचा पातळ मुलामा उपयोगाचा आहे आणि तो स्वस्त केबलवरही असतो. चांदी तांब्याहून साधारण सहा टक्के सरस वाहक आहे. दीड मीटरला त्याचा पडद्यावर काही परिणाम नाही. जाळीदार वेष्टन ओढाताण सोसतं, सिग्नलशी त्याचा संबंध नाही. खोक्यावरची एमआरपी १,९९९ आणि मिळते ३९९ ला, हा प्रकार केबलमध्ये फारच बोकाळला आहे. सवलतीच्या आकड्याऐवजी वेष्टनबंद मालाच्या नियमांनुसार छापावं लागणारं आयातदाराचं नाव, पत्ता, महिना-वर्ष आणि तक्रारीचा क्रमांक तिथे आहे का, ते पाहावं.

स्वस्ताईची एक शाखा मात्र खरोखर घातक आहे, आणि ती एचडीएमआयच्या शेजारीच आहे. यूएसबी-सीच्या तारेतून चित्रही जातं आणि विजेचा मोठा प्रवाहही. गूगलमधले अभियंता बेन्सन लिउंग यांनी २०१५ च्या अखेरीस बाजारातल्या यूएसबी-सी केबल एकेक विकत घेऊन तपासायला घेतल्या. ५६ किलोओमचा रोध हवा तिथे कित्येक केबलमध्ये १० किलोओमचा बसवलेला त्यांना आढळला. त्यामुळे फोन चार्जरकडून झेपेल त्याहून जास्त वीज मागतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये आत उलटसुलट जोडलेल्या एका केबलने त्यांचा स्वतःचा लॅपटॉप निकामी केला. त्यानंतर अॅमेझॉनने मानकाबाहेरच्या यूएसबी-सी केबलवर बंदी घातली. डिस्प्लेपोर्टमध्येही तसंच : मानकाप्रमाणे विसावी पिन केबलमध्ये जोडायची नसते, पण काही स्वस्त केबलमध्ये ती जोडलेली असते आणि मॉनिटरमधली वीज उलटी संगणकात शिरते. या दोन ठिकाणी दोनशे रुपये वाचवणं महागात पडू शकतं.

काउंटरवरचं ते वाक्य इतकं का पटतं, याचं आणखी एक कारण टीव्हीच्या आतच दडलेलं आहे. अनेक टीव्हींचे एचडीएमआय पोर्ट पहिल्या दिवशी जुन्या, कमी वेगाच्या अवस्थेत ठेवलेले असतात. पूर्ण फोर-के आणि एचडीआर घ्यायचं तर सेटिंगमध्ये जाऊन ते उघडावे लागतात. एलजीमध्ये हे ‘एचडीएमआय डीप कलर’ नावाने सापडतं, सॅमसंगमध्ये ‘इनपुट सिग्नल प्लस’, सोनीमध्ये ‘एन्हान्स्ड फॉरमॅट’. काही टीव्हींत चारपैकी एखाद-दोन पोर्टच पूर्ण वेगाचे असतात. हे न करता चित्र पाहिलं की दुकानातल्यासारखं दिसत नाही, मग संशय वायरीवर जातो. बसवून द्यायला येणारा तंत्रज्ञ नवी केबल जोडताना हे सेटिंगही चालू करून देतो आणि चित्र सुधारल्याचं श्रेय केबल घेऊन जाते. तेव्हा पैसे खर्च करण्याआधी रिमोट हातात घ्या.

पोर्ट जळण्याची भीतीही विकली जाते. महाग केबल पोर्ट वाचवत नाही. घरातलं अर्थिंग नीट नसेल आणि बाहेरून आलेल्या कोअॅक्सवर किंवा लॅपटॉपच्या चार्जरमधून गळती दाब उतरला असेल, तर जोडणीच्या क्षणी तो पोर्टमधूनच वाट काढतो. तीन पिनी प्लगची तिसरी पिन मोडून दोन पिनी सॉकेटमध्ये खुपसलेली मी फार घरांत पाहिली आहे. इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्यायला जो खर्च येतो, तो त्या चकचकीत खोक्यापेक्षा बराच कमी आहे.

जिथे पैसे घालावेत असं मला मनापासून वाटतं ती जागा भिंतीत आहे. नवा फ्लॅट घेतला की टीव्हीमागच्या तारा दिसू नयेत म्हणून भिंत खोदून पाइप टाकतात, केबल ओढतात, गिलावा करतात, वर पीओपी आणि रंग. दोन वर्षांनी केबल खराब झाली किंवा वेग अपुरा पडला की भिंत फोडण्याखेरीज मार्ग उरत नाही. केबलचं टोक सहज जाईल इतका रुंद पाइप, वळणं काटकोनात न घेता गोलाईने, आत ओढायला एक जादा तार ठेवलेली, एवढं इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं की पुढची काळजी मिटते. अंतर सात-आठ मीटरच्या पुढे आणि चित्र फोर-के असेल, तर तांब्याचा हट्ट सोडून ऑप्टिकल एचडीएमआय केबल घ्यावी. तिच्यात टोकांना लहान चिप असतात, त्या विजेचं प्रकाशात आणि प्रकाशाचं परत विजेत रूपांतर करतात, आणि सिग्नल काचेच्या तंतूंमधून जातो. १५-२० मीटर ती सहज पार करते. मात्र तिला खरोखर दिशा असते : एक टोक यंत्राचं, दुसरं पडद्याचं, तसं छापलेलं असतं. उलटी ओढली गेली तर गिलाव्यानंतरच कळतं. म्हणून गिलाव्याआधी टीव्ही आणून, जोडून, तासभर चालवून पाहावा. कंत्राटदार घाई करेल, करू द्या.

या विषयाकडे मी जास्त आस्थेने वळलो ते शाळांमुळे. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला. त्या काळात जिल्हा परिषदेच्या कित्येक शाळांनी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर, संगणक, पडदे घेतले. कुणी शेतमालाच्या पैशातून दिले, कुणी शहरात नोकरीला लागल्यावर आपल्या शाळेसाठी पाठवले. प्रोजेक्टर छताला, संगणक गुरुजींच्या टेबलावर, मधे दहा-बारा मीटरची केबल. घरातल्या दीड मीटरला जे चालतं ते इथे चालत नाही. शंभर-दोनशे वाचवायला आणलेली पातळ केबल चार दिवस चालते, मग पडदा लुकलुकतो, मग ‘नो सिग्नल’, आणि प्रोजेक्टरच बिघडला असं समजून तो धूळ खात पडतो. दुसऱ्या टोकाला तालुक्याच्या गावातला विक्रेता ‘एट-के’ची केबल चार हजारांना गळ्यात मारतो, जेव्हा वर्गातला प्रोजेक्टर फुल एचडी किंवा त्याहूनही कमी ठिपक्यांचा असतो. या शाळेला हवी असते ती २४ किंवा २६ गेजची, तांब्याची, साधी हाय स्पीड केबल, मोजून तेवढ्याच लांबीची. आकड्यांचं ओझं इथे चौथाई आहे, आणि ते वाहायला जाड तांबं पुरेसं आहे.

वर्गणीचे पैसे देण्याआधी शाळेतल्या शिक्षकांनी दुकानदाराला तीन गोष्टी सांगाव्यात : अंतर किती मीटर, प्रोजेक्टर किती ठिपक्यांचा, आणि चालली नाही तर परत घेणार का. केबल आणली की छताला पट्ट्या ठोकण्याआधी ती जमिनीवर पसरावी, प्रोजेक्टर टेबलावर ठेवून एखादा पूर्ण धडा लावावा आणि मुलांनाच पडदा बघायला बसवावं. एखादा ठिपका चमकला, तर तो पहिला त्यांनाच दिसेल.